सवतीची काटवट

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यावर हिरवं फडकं होतं. मोतीबिंदू काढायला लेकीनं मला परभणीला आणलेलं, आणि डॉक्टरनं बजावून ठेवलेलं की आजी, जग बुडालं तरी डोळ्यातून पाणी काढायचं नाही, टाका उसवेल. गावाकडून आमच्या भासऱ्यांचा नातू आला. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते जाऊन बरीच वर्षं झाली, नातू मात्र गुणी आहे. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "थोरली आज्जी गेली. काल सकाळी. नेलंबी." नेलंबी! उन्हाळ्याचे दिवस, थांबता आलं नाही म्हणे.  शेजारीण डोकावली, "कोण गेलं हो?" लेक म्हणाली, "आईची सवत." बाईनं माझ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि म्हणाली, "सवत व्हय? मंग मावशी रडायल्यात कशाला?" तिला मी जे उत्तर दिलं ते लेक इथं लिहू देत नाही. टाका शाबूत राहिला. फडक्यावर हात दाबून धरला आणि उघड्या डोळ्यानं रडले... अर्धंच रडणं झालं ते. उरलेलं अजून बाकी आहे.

हे मी सांगतेय आणि लेक लिहितेय. रुक्मिणी तिचं नाव, शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे माझं 'लय' खोडून 'फार' करते. करू दे बापडी. पण आक्काचं बोलणं आक्काचंच राहील, तिथं लेखणी लावलीस तर बोटं मोडीन, असं सांगून ठेवलंय. आईबापावर, गुरुजींवर, पुढाऱ्यांवर लिहून आलेलं रुक्मी मला वाचून दाखवते. सवतीवर कुणी लिहिलेलं मी तरी ऐकलं नाही. सवत मेली की पेढे वाटावेत अशीच जगाची समजूत. म्हटलं, आपण लिहू.

मी सवतीवर आले तेव्हा निजामाचं राज होतं. राणीसावरगावला आमचं घर कातारकामाचं. लोक खरादी म्हणायचे. पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, ताक घुसळायच्या रव्या, लाटणी, पोरांचे भवरे, सगळं खरादावर फिरवून कातलेलं. तेव्हा वीज कुठली? खरादाच्या लाटेला, म्हणजे आडव्या दांड्याला, दोरीचे वेढे द्यायचे. एकानं भिंतीला पाठ लावून बसायचं, दोरीची दोन टोकं दोन हातांत धरून पाळीपाळीनं ओढायची, की लाकूड इकडून तिकडं फिरतं. दुसऱ्यानं समोर बसून पटाशी लावायची. पटाशी पुरुषाची, दोरी बायकोची. रीतच होती तशी, आणि एकट्यानं तो खराद चालतच नाही. आक्का लग्न होऊन आली तेव्हापासून दोरीवर होती. तिची लेकरं जगली नाहीत. होत होती आणि जात होती. शेवटी सासूनं मालकांचं दुसरं लगीन ठरवलं. आक्काला विचारलं नाही, आणि मला विचारण्याचा तर सवालच नव्हता. माझी हळद उतरायच्या आत सासू म्हणाली, "आता दोरी नवी ओढंल." आक्का उठली. दोरीची दोन्ही टोकं माझ्या हातात दिली, माझ्याकडं न बघता, आणि चुलीपुढं जाऊन बसली.

मी कसली ओढतेय दोरी! असा हिसका दिला की पटाशी उडाली आणि पाळण्याच्या खांबाला खोक पडली. मालक ओरडले. चुलीपासून आवाज आला, "मांजरे, हिसका देऊ नये म्हनावं. म्हशीच्या थानाला कुनी हिसका देतं का?" ती मांजराशी बोलत होती. पहिलं सगळं साल ती माझ्याशी मांजरामार्फतच बोलली. मांजरे, भाकरी झाली म्हनावं. मांजरे, कुनाचं तरी लुगडं वाळत पडलंय, पाऊस यायलाय. मीही कमी नव्हते. मीपण मांजरालाच सांगायचे की आमाला दिसतंय म्हनावं. मालकांना हसू यायचं, पण मिशीत. मग एका पावसाळ्यात मांजर मेलं. नाइलाज झाला तिचा.

रुक्मी झाली तेव्हा मी स्वतःच पोर होते. हे जे लिहायला बसलंय ना, ह्याला जन्मल्यापासून आक्कानं पायावर घेऊन न्हाऊ घातलं, शेक दिला, दृष्ट काढली. आपली गेलेली सगळी लेकरं तिनं ह्या एकीच्या अंगाला चोळली असं मला वाटायचं. रात्र रात्र उशाशी हात ठेवून श्वास बघायची. मला धसकाच बसायचा, म्हणायचे, "आक्का, निजलीय ती, बरी हाय." ती म्हणायची, "माझीबी निजलेलीच वाटायची."  रुक्मी तिला आय म्हणायला लागली आणि मला बाई. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. खोटं कशाला बोलू.

मग पटकीची साथ आली आणि मालक दोन दिसांत गेले. सासू त्याआधीच गेली होती. घरात उरलो आम्ही दोघी, एक पोर आणि एक खराद. तेराव्याला भावकी बसली. भासरे वाईट माणूस नव्हते, पण जगाची रीत त्यांच्या डोक्यात खुंटी ठोकल्यासारखी बसलेली. म्हणाले, "धाकलीला पोरगी हाय, ती आमच्यात ऱ्हाईल, दोन घास खाईल, काम करंल. थोरलीचं आता हितं काय हाय? तिला झरीला भावाकडं पोचवू. पेरन्या उरकल्या की गाडी मोकळी व्हते." झरीला आक्काचा भाऊ होता खरा. पण भावजय मयतीला आली तेव्हाच तिनं, सगळ्यांदेखत, सांगून टाकलेलं की आमच्यातच खायला न्हाई. म्हणजे हिला इथं जागा नाही आणि तिथंही नाही. आक्का मान खाली घालून ऐकत होती. मांडीवर रुक्मी झोपलेली, तिच्या केसांतून हात फिरवत होती.  ज्या बाईनं वर्षभर माझ्याशी तोंडानं बोलायचं टाळलं, तिच्यावाचून मला त्या घरात एक दिवस काढता आला नसता. हे मला तेव्हा, त्या भावकीत बसल्या बसल्या कळलं.

भासऱ्यांनी सागाचं, शिसवाचं सरळ लाकूड गाडीत घालून आपल्या वाड्यात नेलं. राखायला म्हणे! परसात उरला तो गाठींचा ढीग. झाडाला घाव बसला, कीड लागली, की तिथं लाकूड फुगून गाठ धरतं. आमच्याकडं त्याला आवाळूच म्हणतात, माणसाच्या गळ्याला येतं तसं. आत धागे एकमेकांत गुंतलेले, मधेच साल अडकलेली, कुठं पोकळी, कुठं खडा गिळलेला. सुतार त्याला हात लावत नाही. सरपणालासुद्धा निकामी, कुऱ्हाड उसळून येते. मालकांना असल्या गाठी कुणी फुकट दिल्या की ते परसात टाकून ठेवायचे, बघू कधीतरी म्हणून. आक्कानं त्यातली एक गडगडवत आणली, लाख तापवून खरादाच्या मुंडक्यावर चिकटवली आणि पटाशीच्या जागेवर जाऊन बसली. मला म्हणाली, "दोरी धर." मी म्हटलं, "आक्का, बाईनं पटाशी धरली तर घराची राख व्हते म्हनतेत." ती म्हणाली, "राख व्हायला घर तर ऱ्हाऊ दे. धर."

ती पहिली गाठ फुटली. मधे सालीची फट होती, ती पटाशीनं पकडली आणि अख्खा तुकडा सुटून आक्काच्या कपाळावर. रक्ताची धार लागली. मी हळद दाबली, ती म्हणाली, "तुला कळलं न्हाई का दोरीत?" मला काय कळायचंय? मग तिनं समजावलं. पोकळी आधी दोरीला कळते, मग पटाशीला. पोकळ जागा फिरून आली की दोरी किंचित ढिली पडते, टणक आली की ताठते. पटाशीवाला फक्त वरचं बघतो, आतलं दोरीवाल्याला लागतं. मालकांच्या वेळी ती दोरीवरून सांगायची, 'हितं हाय', आणि मालक हात उचलायचे. माझ्या वेळी मालक स्वतःच सांभाळून घ्यायचे, कारण मला काहीच लागत नव्हतं. "आता तू सांगायचं," आक्का म्हणाली, "न्हाई सांगितलंस तर माझा डोळा जाईल." झालं! त्यानंतर मी दोरी अशी धरायला शिकले की काय सांगू. 'हाय' म्हटलं की ती थांबायची. 'गेलं' म्हटलं की लावायची. दिवसभर आमचं तेवढंच बोलणं, हाय आणि गेलं.

गाठीतून लांब काही निघत नाही. खांब नाही की पाय नाही. निघालं तर पसरट वाडगंच निघतं. म्हणून आम्ही काटवटी कातायला लागलो, भाकरीचं पीठ मळायच्या. गावातला सुतार आंब्याच्या फळीतून वाकसानं कोरून काटवट द्यायचा, चौकोनी, खरबरीत. आमची गोल निघाली, हात फिरवला तर कुठं अडत नव्हता, आणि आत लाकडाचे डोळेच डोळे. मला तर वाटलं आता रांग लागते दारात. कसली रांग? विधवांच्या हातची वस्तू, त्यात सवतींच्या. लेकीला रुखवतात असली काटवट दिली आणि लेकीवर सवत आली तर? बायका बघायच्या, हात फिरवायच्या, आणि ठेवून द्यायच्या. एके दिवशी शेवंताबाई म्हणून एक आली, खालच्या आळीची. तिनं काटवट उचलून काखेत मारली. बरोबरच्या बाईनं दटावलं, "अगं, सवतींनी केलेली हाय ती!" शेवंता म्हणाली, "माझ्या घरात हायच की एक. अजून किती यायच्या? आन इकडं." आक्का आणि मी दोघी तोंडाला पदर लावून हसलो, किती दिवसांनी. तिच्या मागून तिच्यासारख्याच आल्या. त्या काळात असल्यांची वाण नव्हती. पण तेवढ्यावर काही भागत नव्हतं, आणि पेरण्या जवळ येत होत्या.

तेवढ्यात पाटलांच्या घरी लग्न निघालं. गडीमाणसांच्या जेवणाला भाकरी, म्हणून पाटलीणबाईंनी मोठी काटवट सांगितली. भल्या घरचं काम! आक्कानं ढिगातली सगळ्यांत मोठी गाठ काढली, जुन्या शिसवाची. कातत गेलो तसं लाकूड असं उघडत गेलं की दोरी ओढायची सोडून बघत बसावं. पण नेमकं बुडाला अंगठ्याएवढं भोक निघालं, आरपार. टाकून द्यावी तर दुसरी एवढी मोठी नाही. आक्कानं लाल लाख तापवून भोकात भरली, वरून घासली, वर पुन्हा फिरवून घेतली. काळ्या शिसवात लाल टिकली! टिचकी मारली तर टणटण. आम्ही दोघी खूश. आणि इथं आमची अक्कल शेण खायला गेली बघा. सकाळ-संध्याकाळ उकळत्या आधणात ज्वारीचं पीठ मळणाऱ्या आम्ही बायका, आणि गरम पाण्यात लाख वितळते हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. खरादापाशी बसलं की आम्ही खरादी व्हायचो, आणि खरादी पुरुषानं कधी जन्मात भाकरी थापलीय? चुलीचं शहाणपण चुलीपाशीच राहिलं.

मांडवाच्या दिवशी पाटलांच्या परसात बायका पीठ मळायला बसल्या. आधण ओतलं, दोन हात फिरवले, आणि पीठ लाल व्हायला लागलं. कुणी तरी किंचाळली, "रगत!" लग्नघर, त्यात रक्त, त्यात सवतींची काटवट... पुढचं सांगायलाच नको. ओरडा आमच्या दारापर्यंत आला. आक्का ताडकन उठली. मी म्हटलं, "आक्का, जाऊ नको, मारतील." तिनं ऐकलं नाही. विधवा बाई, मांडवात पाय ठेवायचा नाही, म्हणून मागल्या दारानं गेली, मी पोर काखोटीला मारून मागं. काटवट परसात पालथी टाकलेली, बायका लांब उभ्या. आक्का खाली बसली, काटवट सरळ केली, त्यातला लाल गोळा तोडला, तिथल्याच तव्यावर थापून टाकला आणि भाजलेली भाकरी सगळ्यांसमोर कोरडी खाल्ली. मग म्हणाली, "लाख हाय. नवरीच्या हातातला चुडा बघा, हीच हाय. रगत आसतं तर मी खाल्लं आसतं का? चूक माझी हाय, भोक बुजवायला नव्हतं पायजे. पन रगत न्हाई."  पाटलीणबाई एवढंच म्हणाल्या, "घेऊन जा ती." आक्कानं काटवट डोक्यावर घेतली आणि आम्ही परत निघालो. भर दुपारी, सगळ्या गावातून.

दारात गाडी जुंपलेली होती. भासरे कासरा धरून उभे. पेरण्या राहिल्या होत्या, तरी गाडी मोकळी झाली होती! आक्काचं गाठोडंही त्यांनीच बांधून आत टाकलेलं. "पुरं झालं," म्हणाले, "आख्ख्या गावात तोंड काळं केलंत. बस." बघ्यांची ही गर्दी. आक्कानं काटवट ओट्यावर ठेवली, रुक्मीच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत चढून बसली. मला आजही सांगता येत नाही माझ्यात काय संचारलं. मी रुक्मीला उचलून गाडीत ठेवलं, मागून मी चढले, आणि आक्काला चिकटून बसले. भासरे म्हणाले, "तू कुटं जायलीस?" मी म्हटलं, "झरीला." "उतर खाली." "न्हाई. हिला पोचवायचं तर मलाबी पोचवा." आक्का दात खाऊन मला म्हणाली, "उतर गं भवाने, पोरीचं वाटोळं करशील." मी गाडीची साटी, म्हणजे बसायची लाकडी चौकट, दोन्ही हातांनी घट्ट धरली. दोरी ओढून ओढून हात असे झाले होते की चार गड्यांनीही सोडवले नसते. तेवढ्यात रुक्मीला वाटलं गाडीत बसून फिरायला निघालोय, ती टाळ्या पिटून बैलांना हाकायला लागली, "हेक! हेक!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दादा, भावाची पोरगीबी धाडायलाव का माह्यारी?" भासऱ्यांचा चेहरा पडला.  मग कासरा खाली टाकला, बैल सोडले आणि जाता जाता म्हणाले, "ऱ्हावा. मरा तिकडं दोघी."

आम्ही दोघी गाडीतून उतरलो आणि घरात गेलो. आक्कानं मला जे झोडलं शब्दांनी! "येडी हायस का? पोरीला घिऊन झरीला काय माती खाल्ली आसतीस?" बोलता बोलता पदरानं तोंड पुसलं, आणि पुसतच राहिली. मी चूल पेटवली. त्या दिवशी तिच्या हातची भाकरी नाही, माझ्या हातची भाकरी खाल्ली तिनं, कच्ची राहिली तरी बोलली नाही.

त्या लाल काटवटीनं आम्हाला शिकवलं. आक्का म्हणाली, "भोक बुजवायचंच न्हाई आता. भोक बुडाला येऊ द्यायचं न्हाई, तोंडाला आनायचं." म्हणजे गाठ खरादावर चढवायच्या आधी चारी अंगांनी फिरवून, टिचक्या मारून, पाणी ओतून बघायची, की पोकळीची खोड कुठं आहे. मग अशी उलटीसुलटी धरायची की खोड काठाशी यावी. काठाला भोक असलं तर बिघडलं काय? उलट काम झालं की काटवट धुवायची आणि त्याच भोकातून खुंटीला अडकवायची. चटकन वाळते, उंदीर शिवत नाही. बायकांना हे आवडलं. शेवंताबाईनंच गावभर केलं. हळूहळू ज्यांना सवत नव्हती त्याही यायला लागल्या, मग गंगाखेडच्या बाजारात, पाथरीच्या बाजारात. नाव मात्र पडायचं ते पडलंच, सवतीची काटवट. बाजारात लोक त्याच नावानं मागायचे. दोन सालांनी पाटलीणबाईंनी गडी पाठवला, मोठी काटवट हवी म्हणून. आक्कानं तिला आठवडाभर तंगवलं. आनंदानं तंगवलं!

मग रझाकारांची धामधूम आली. लेकीबाळी असलेली घरं वऱ्हाडाकडं निघाली. भासऱ्यांनी गाडीत जागा केली, ह्या वेळी दोघींसाठी केली, हे त्यांच्या पदरात घालायला हवं. आक्का म्हणाली, "मी न्हाई येत. दोघी गेलो तर घर गेलं समजा. खराद कोन राखंल?" मी पुन्हा हट्ट धरून बसायला निघाले होते, तिनं रुक्मीकडं बोट दाखवलं, आणि मी पोरीला घेऊन गाडीत चढले. ते महिने मी कसे काढले, परक्या गावात, कुणाच्या गोठ्यात, ते सांगत नाही. रोज वाटायचं, आज काय ऐकू येतंय. पोलीस ॲक्शन झाली आणि आम्ही परतलो. दार उघडंच. आक्का वाळून काडी झालेली. खराद सगळा सुटा करून कडब्याच्या गंजीत लपवला होता, आम्ही परत निघाल्याचं कळताच तिनं तो पुन्हा उभा केला होता. मी उंबऱ्यात उभी, डोक्यावर गाठोडं. ती म्हणाली, "लय उशीर केलास. दोरी धर." मी धरली. गाठोडं तसंच बाजूला टाकून धरली. दोघी कातत होतो आणि दोघी रडत होतो, लाकूड बिचारं फिरत होतं.

पुढचं काय सांगू. रुक्मी शिकली, परभणीला लागली. स्टीलच्या पराती आल्या, काटवटीला कुणी विचारेना. तरी आक्का सालाला एक करायचीच. म्हणायची, बसून हाडं गंजतेत. मी डोळ्यासाठी परभणीला निघाले त्या दिवशी रुक्मीनं तिला किती विनवलं, आय, तूपण चल. ती म्हणाली, "डोळा तिचा, मी कशाला येऊ? आठ दिसांत ये म्हनावं परत." मांजर नव्हतं घरात, तरी 'म्हनावं' म्हणाली. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आठ दिसांत डोळा व्हत न्हाई." शेवटचं बोलणं हे! आणि तिला न्यायला चौघे आले तेव्हा साटी धरायला मी नव्हते. भासऱ्यांच्या नातवानं सगळं रीतीनं केलं, कशाला काही कमी पडलं नाही. पण मी नव्हते.

फडकं निघाल्यावर गावाला आले. सगळी म्हणाली, आता परभणीलाच राहा. बघू, म्हटलं. भुशाच्या कणगीत हात घातला तर एक अर्धी काटवट लागली. ओली गाठ एकदम पातळ कातली तर तडकते, म्हणून आधी जाड ठेवून कातायची, साल-दोन साल भुशात पुरायची, मग दुसरा हात फिरवायचा. ही आम्ही गेल्या दिवाळीला पुरली होती. कुठंही चीर गेली नव्हती. वाळून खडखडीत, दुसऱ्या हाताची वाट बघत. रुक्मी म्हणाली, "बाई, तू पटाशी धर, मी दोरी ओढते." तिला मी चहा टाकायला पिटाळलं आणि आक्काच्या जागेवर जाऊन बसले. एवढा जन्म त्या खरादापाशी गेला, पण मी तिथं कधी बसले नव्हते. माझ्या जागेवरून मला सदानकदा आक्काची वाकलेली मान आणि टाळूच दिसायची, आणि मला वाटायचं तिलाही लाकूडच दिसत असणार. तसं नाही. तिथं बसून मान जरा वर केली की समोर दोरीवालीचं तोंड येतं. दुसरं काही दिसतच नाही.

एकदा मी तिला विचारलं होतं. रुक्मीचं लगीन करून आम्ही दोघीच घरी आलो होतो त्या दिवशी. "आक्का, मी आले तवा काय वाटलं गं तुला?" ती म्हणाली, "तू मरावीस वाटलं." अशी सरळ म्हणाली, सुपारी कातरता कातरता. मी म्हटलं, "मंग?" ती म्हणाली, "मंग काय. रोज म्होरं तुझंच तोंड. किती दिस मर म्हनायचं मानसानं?"

रुक्मी चहा घेऊन आली तेव्हा मी आक्काच्या जागेवरच बसले होते. समोर माझी भिंत होती. पाठ घासून घासून तेवढीच गुळगुळीत, तेलकट झालेली. दोरी खाली पडली होती आणि तिथं कुणी नव्हतं.